मूल गेल्यावर स्वयंसेवा: सुरुवात कुठून करावी आणि कुठून करू नये

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाच पाहता येईल. सोळा वर्षांचा मुलगा कर्करोगाने जाऊन चौदा महिने झाले. धाकटी मुलगी अकरा वर्षांची आहे. बहीण म्हणते, घरात बसून राहू नकोस, कुठेतरी सेवा कर, मन रमेल. नवऱ्याला हे पटत नाही, पण का ते तो सांगत नाही. तुम्ही मुलांच्या कर्करोग वॉर्डात पुस्तकं वाचून दाखवण्यासाठी नाव दिलंत, मुलाची पुस्तकं पिशवीत भरून नेलीत आणि पहिल्याच दिवशी लिफ्टपासून परत फिरलात. ती पिशवी अजून गाडीच्या डिकीत आहे. आता तुम्ही विचारताय की माझ्यात सेवाभावच नाही का, आणि मुलाच्या नावाने संस्था काढली तर जगायला काही कारण मिळेल का.

'जगायला कारण' हे शब्द वाचल्यावर पुढे जाण्याआधी एक सरळच विचारते. जीव द्यावासा वाटतो का? 'त्याच्याकडे जावं' असं मूल गेलेल्या पुष्कळ आईवडिलांना वाटतं, आणि तेवढ्यावरून घाबरून जायचं कारण नाही. पण कसं, कधी, कुठे याचा विचार मनात आकार घ्यायला लागला असेल, तर खालचं सगळं बाजूला ठेवा. आजच घरातल्या एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा आणि डॉक्टरांकडे किंवा तातडीच्या मदत सेवेकडे जा. स्वयंसेवा हा त्यावरचा उपाय नाही. तसं नसेल तर पुढे वाचा.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गुंतागुंत झाली आहे. एक म्हणजे रिकामे पडलेले तास. आजारी मुलाच्या आईला जवळजवळ पूर्णवेळ नोकरी असते: औषधांच्या वेळा, तपासण्यांच्या तारखा, ताप किती चढला याची वही, रात्री तीनदा उठणं. मूल जातं आणि ही सगळी जबाबदारी एका दिवसात संपते. हातांना मात्र ती सवय राहते. म्हणूनच तुमचं पाऊल आपसूक वॉर्डाकडे वळलं. ते काम तुम्हाला येतं, तिथली भाषा कळते, सलाइनच्या मशीनचा आवाजसुद्धा ओळखीचा. दुसरी गोष्ट म्हणजे अर्थ. तो असा का गेला, आणि आता मी कोणासाठी?

स्वयंसेवा पहिल्या गोष्टीला बऱ्यापैकी लवकर उपयोगी पडते. मंगळवारी चार वाजता कोणीतरी तुमची वाट पाहतंय, तुम्ही गेला नाहीत तर काम अडेल, एवढ्यानेसुद्धा आठवड्याला एक खुंटी मिळते. दुसरी गोष्ट तिच्यामागून येते, हळू, आणि कधी येतही नाही. लोक उलटं करायला जातात. आधी अर्थ सापडावा म्हणून थेट सगळ्यात अवघड ठिकाणी जातात आणि तिथे पाय उचलला नाही की स्वतःलाच दोष देतात. तुमचं लिफ्टपाशी तेच झालं. सेवाभावाचा त्यात काही संबंध नाही.

मी ज्या आधारावर सल्ला देते तोही थोडक्यात सांगते. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोबे आणि हेन्क शुट या संशोधकांनी अशी मांडणी केली की शोक करणारा माणूस दोन बाजूंमध्ये हेलकावे घेत असतो. एका बाजूला गेलेल्या माणसाचा विचार, आठवण, रडणं. दुसऱ्या बाजूला रोजचं जगणं, नवी कामं, नव्या भूमिका. हेलकावा चालू राहणं हीच निरोगी गोष्ट. स्वयंसेवा दुसऱ्या बाजूला येते. तिच्यामुळे हेलकावा सुरू झाला तर ती औषध ठरते, आणि झोका त्याच बाजूला अडकून बसला तर ती पळवाट होते. पुढे मी ज्या खुणा सांगणार आहे त्या या एकाच कसोटीतून आल्या आहेत.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. हे वाचणाऱ्या इतर आईवडिलांसाठीही सांगते: मूल दीर्घ आजाराने गेलं की अपघाताने, की त्याने स्वतः जीव दिला, यावर कोणतं काम अंगावर येईल ते बदलतं. पोलीस तपास किंवा खटला चालू असेल तर त्या विषयावर जाहीर काम करण्याआधी वकिलांना विचारावं. चौदा महिने हा काळ कोणाला पुरतो, कोणाला नाही. म्हणून मी महिने मोजण्यापेक्षा तीन साध्या गोष्टी पाहते: बहुतेक रात्री चार-पाच तास तरी झोप लागते का; घरातली ठरलेली छोटी कामं आठवड्यातून चार-पाच दिवस होतात का; आणि मुलाचा विषय अचानक निघाला तर रडू आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही पुन्हा हातातल्या कामाकडे वळू शकता का. तिन्हींना 'हो' असेल तर सुरुवात करा. दोनांना 'नाही' असेल तर आधी शोक-समुपदेशकाकडे जा. बारा महिन्यांनंतरही जवळजवळ रोज तीच तीव्र ओढ असते, मूल गेलंय हेच मन मानत नाही, रोजचं जगणंच ठप्प आहे, अशा अवस्थेला आता स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र उपचार आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या निदानपुस्तिकेत प्रौढांसाठी किमान १२ महिन्यांची मर्यादा आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात ६ महिन्यांची. हे निदान वाचून स्वतःवर लावून घ्यायचं नसतं, तज्ज्ञांनी करायचं असतं.

आता काम कोणतं घ्यायचं. मी कामं 'अंतरा'नुसार लावते. सगळ्यात लांबचं काम वस्तूंचं: मदतीच्या सामानाची वर्गवारी, खोकी भरणं, ग्रंथालयात पुस्तकं लावणं, हिशेबाची नोंद, रोपवाटिका, प्राण्यांचा निवारा. त्यानंतर मोठ्या माणसांशी थोडक्यात संबंध येणारं काम: स्वागतकक्ष, फोनवर माहिती देणं, वृद्धांना दवाखान्यात पोचवणं, अंधांसाठी पुस्तकांचं ध्वनिमुद्रण. तिसऱ्या अंतरावर मुलं येतात, पण तुमच्या मुलापेक्षा वेगळ्या वयाची आणि वेगळ्या परिस्थितीतली. सगळ्यात जवळ त्याच वयाची, त्याच आजाराची मुलं आणि तुमच्यासारखेच आईवडील. तुम्ही थेट या शेवटच्या ठिकाणी गेलात.

पहिल्या किंवा दुसऱ्या अंतरावर आठ ते बारा आठवडे काढा, मग एक पायरी जवळ या. आपल्या मुलाशी काही संबंध नसलेलं काम करण्यात त्याच्याशी बेइमानी होते असं पुष्कळ आयांना वाटतं. वाटू दे, पण त्यावर निर्णय घेऊ नका. खोकी भरण्याच्या कामाचा एक मोठा गुण असा की ते संपतं. दोन तासांत चाळीस खोकी झाली, दोरी बांधली, नाव लिहिलं, घरी. मुलाच्या आजारात तुम्ही जे केलंत ते कधीच 'झालं' असं झालं नाही. इतकं करूनही हाती यश आलं नाही. पूर्ण होणारं काम हाताखालून गेलं की शरीराला ती वेगळी चव पुन्हा कळते. हे बोलायला फार साधं वाटतं, आणि म्हणूनच लोक ते टाळतात.

वेळ आठवड्याला एकदा, दोन तास. पहिले तीन महिने कितीही आग्रह झाला तरी तीन तासांच्या वर जाऊ नका. वार आणि वेळ ठरलेली हवी. 'जमेल तेव्हा येईन' हा करार शोकात टिकत नाही, कारण जमण्याची वेळ येतच नाही. कामाच्या दिवशी संध्याकाळ मोकळी ठेवा. पुष्कळदा काम करताना काहीच होत नाही आणि रात्री नऊ वाजता भांडी घासताना बांध फुटतो. ते अपेक्षित आहे, बिघाड नाही. वेळ निवडताना मुलाची शाळेतून यायची वेळ मुद्दाम भरून टाकावी का, असं मला विचारलं जातं. ती सुरुवातीला भरू नका. त्या वेळेला काम ठेवलं आणि एखाद्या आठवड्यात ते रद्द झालं, तर दोन पोकळ्या एकदम अंगावर येतात.

सहा आठवड्यांत पाच वेळा गेलात तर काम मानवलं असं समजा. तीनच वेळा जमलं तर काम बदला किंवा महिनाभर थांबा, त्यात हार नाही. सहाही वेळा गेलात, वर आणखी दोन दिवस जास्तीचे मागून घेतलेत, तर मी त्या माणसाकडे जास्त काळजीने पाहते. कारण खाली येईलच.

संस्थेच्या समन्वयकाशी पहिलं बोलणं फार महत्त्वाचं. पुष्कळ जण काहीच सांगत नाहीत, मग एक दिवस गोदामात मुलाच्या मापाचा शर्ट हातात येतो आणि ओक्साबोक्शी रडू येतं. समोरच्यांना काय झालं ते कळत नाही. काही जण उलट पहिल्याच भेटीत सगळा आजार सांगतात आणि घरी येऊन उघडं पडल्यासारखं वाटतं. तीन वाक्यं पुरतात: 'माझा सोळा वर्षांचा मुलगा चौदा महिन्यांपूर्वी गेला. मला काम करायचंय, पण सध्या मुलांशी थेट संबंध नको. कधी मला दहा मिनिटं बाहेर जावं लागलं तर मागे कोणी येऊ नका, मी परत येईन किंवा निरोप पाठवेन.' बाकीच्यांना काय सांगायचं तेही तिथेच ठरवा. समन्वयकाने सगळ्यांना सांगावं की कोणालाच नाही, हा निर्णय तुमचा.

त्याच भेटीत तुम्हीही प्रश्न विचारा. माझ्यावर देखरेख नेमकी कोणाची? प्रशिक्षण किती तासांचं? काम बदलून मागता येतं का? ऐनवेळी आले नाही तर काय होतं? अवघड दिवसानंतर कोणाशी बोलायची सोय आहे का? आणि एक प्रश्न जो सहसा कोणी विचारत नाही: माझी गोष्ट किंवा माझ्या मुलाचा फोटो निधी गोळा करण्यासाठी वापरला जाईल का? पहिली दोन वर्षं याला स्पष्ट नकार द्या. संस्थांचा हेतू वाईट नसतो, पण रडणाऱ्या आईच्या चित्रफितीला देणग्या मिळतात हे त्यांना ठाऊक असतं. एकदा ती चित्रफीत इंटरनेटवर गेली की ती तुमची राहत नाही, आणि तुमच्या मुलीच्या वर्गातल्या मुलांनाही ती दिसते. पुढे कधी होकार दिलात तर लेखी द्या, आणि परवानगी मागे घेता येईल असं त्यात लिहून घ्या.

आता एक प्रश्न, जो पहिल्या महिन्याभरात कोणीतरी विचारणारच: 'तुम्हाला मुलं किती?' शेजारी बसून खोकी भरणारी बाई सहज विचारते, हात चालू असतात, आणि तुमच्या घशात आवंढा अडकतो. 'एक' म्हटलं तर त्याला पुसून टाकल्यासारखं वाटतं. 'दोन' म्हटलं की लगेच पुढचं: मोठा काय करतो? याची उत्तरं घरी, मोठ्याने बोलून, तयार करून ठेवा. एक छोटं: 'दोन. मुलगी अकरा वर्षांची आहे, मोठा मुलगा गेला. आत्ता त्याबद्दल नको बोलूया. ती दोरी देता का?' यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. समोरच्या माणसाला काय करायचं ते कळत नसतं. त्याला तुम्ही एक काम देता. दुसरं उत्तर ज्यांना सांगावंसं वाटेल त्यांच्यासाठी, त्यात त्याचं नाव घ्या. आणि एखाद्या दिवशी 'एक मुलगी' एवढंच म्हणून मोकळ्या झालात तर तेही चालतं. अनोळखी माणसापाशी दिलेल्या उत्तराने त्याचं असणं कमी होत नाही.

बाहेर पडायची वाटही पहिल्याच दिवशी पाहून ठेवा: कोणतं दार, कुठली पायरी, जिथे दहा मिनिटं बसता येईल. परत यायचं की घरी जायचं हे तिथे बसून ठरवा. घरी गेलात तरी तो दिवस 'हजर' म्हणूनच धरा.

एक वही ठेवा. प्रत्येक वेळेनंतर तीन ओळी, त्यापेक्षा जास्त नाही: जाण्याआधी कसं होतं, तिथे कसं होतं, रात्री कसं होतं. सहा आठवड्यांनी सलग वाचा. जाण्याआधी जीव नको म्हणतो, तिथे बरं वाटतं, रात्री थोडं रडू येतं, पण झोप लागते: हा चांगला आलेख. तिथे उत्तम आणि नंतर दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही: काम अंतरात फार जवळचं आहे. तिन्ही वेळा काहीच वाटत नाही आणि फक्त तास वाढतायत: हेलकावा थांबलाय.

या शेवटच्या प्रकाराबद्दल जरा जास्त सांगते, कारण बाहेरून तो फार छान दिसतो. लोक कौतुक करतात, 'किती सावरली बघा'. बाई आठवड्याला पंचवीस तास काम करते, काम रद्द झालं की चिडते, मुलाच्या जन्मदिवशी मुद्दाम दहा तासांचं शिबिर घेते, आणि त्याच्या खोलीचं दार महिनोन् महिने उघडलेलं नसतं. यामागे पुष्कळदा दंडाची भावना असते: मला लक्षणं आधी कळायला हवी होती, दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं. मग सेवा म्हणजे हप्ता भरणं होतं. या कर्जाची अडचण अशी की रक्कम कोणी ठरवलेलीच नाही, त्यामुळे ते कधी फिटत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: ताप असतानाही सुट्टी घेता येत नाही, नेहमी सगळ्यात अवघड काम स्वतःकडे ओढून घेतलं जातं, आणि कोणी 'धन्यवाद' म्हटलं तर अंगावर येतं. असं असेल तर तास निम्मे करा आणि अपराधाच्या भावनेबद्दल समुपदेशकाशी बोला. त्या भावनेवर बोलून काम करता येतं. खोकी भरून ती जात नाही.

मुलांबरोबर काम सुरू केल्यावरचा धोका वेगळा. एखाद्या मुलात जीव अडकतो. तसंच हसतो, तसाच केस मागे सारतो. मग त्याच्यासाठी वेगळा खाऊ, स्वतःचा फोन नंबर, फीची मदत. पुढे तुम्हाला सहन होईनासं होतं आणि तुम्ही थांबता, आणि त्या मुलाला आणखी एक मोठं माणूस न सांगता निघून गेल्याचा अनुभव येतो. म्हणून नियम कडक ठेवा: खाजगी नंबर नाही, एकट्याने भेट नाही, भेटवस्तू किंवा पैसे द्यायचेच असतील तर संस्थेमार्फत, नाव न सांगता. याची दुसरी बाजू म्हणजे मत्सर. कोणाचं तरी मूल बरं होऊन घरी जातं आणि तुमच्या पोटात कळ येते, 'मग माझंच का नाही?' हे जवळजवळ सगळ्यांना होतं. यात पाप नाही. त्या आठवड्यात काम बदलून मागा, एवढाच त्याचा अर्थ.

आता घरचं. नवरा कारण सांगत नाही याचा अर्थ त्याचा विरोधच आहे असं नाही. दोन माणसं एकाच मुलाचा शोक एका चालीने करत नाहीत. एकाला बोलायचं असतं, दुसरा गप्प राहून गच्चीवरची टाकी दुरुस्त करत बसतो. त्याला सेवेत ओढू नका. तीन गोष्टी मात्र दोघांनी मिळून ठरवा: आठवड्याचे किती तास, वर्षाला जास्तीत जास्त किती पैसे, आणि मुलाचं नाव कुठे वापरायचं. पहिल्या दोन वर्षांत मोठी देणगी एकट्याने देऊ नका. विम्याचे किंवा मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे 'अंगाला लावून घ्यायचे नाहीत' म्हणून एका झटक्यात देऊन टाकले जातात आणि पुढे त्यावरून घरात कायमची तेढ राहते.

मुलीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, आणि माझं लक्ष तिथेच जास्त आहे. भावाच्या आजारात तिच्या वाट्याला आई कमी आली. तो गेल्यावर आई दुःखात गेली. आता आई दुसऱ्यांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवायला निघाली आहे. अकरा वर्षांची मुलगी हे बोलून दाखवणार नाही; ती फार शहाण्यासारखी वागायला लागेल, किंवा ऐन तुमच्या निघायच्या वेळी तिचं पोट दुखेल. म्हणून वहीत आधी तिचा वार लिहा, मग संस्थेचा. तिच्या वाराला दोन तास, फोन बाजूला, काय करायचं ते ती ठरवेल. संस्थेचं काम शक्यतो तिच्या शाळेच्या वेळेत बसवा. कुठे जाता, काय करता, किती वाजता परत येता हे तिला सांगा आणि त्या वेळेला परत या. वर्षातले सात-आठ दिवस आधीच समन्वयकाला कळवून सुट्टीचे म्हणून ठेवा: मुलाचा जन्मदिवस, गेल्याचा दिवस, निदान कळलं तो दिवस, त्याच्या वर्गाचा निकाल, मुलीचा वाढदिवस. मुलगी सोळा पूर्ण करेल ते वर्षही अवघड जाईल, ते आत्ताच लक्षात असू द्या.

मुलाच्या नावाच्या संस्थेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दोन वर्षं होईपर्यंत नोंदणी करू नका. संस्था म्हणजे विश्वस्त, बैठकांची इतिवृत्तं, वार्षिक हिशेब, लेखापरीक्षण, देणगीदारांचे फोन. यातला कुठलाही कागद मुलाच्या आठवणीसाठी थांबत नाही. पहिल्या वर्षी नातेवाईक भरभरून देतात, तिसऱ्या वर्षी आटतात, आणि त्याचं नाव असलेली संस्था बंद करायची वेळ आली की आई पुन्हा एकदा त्याच दारात उभी राहते. आणि चाललीच, तरी ती तुमची राहीलच असं नाही. कँडेस लाइटनर यांच्या १३ वर्षांच्या मुलीला मे १९८० मध्ये कॅलिफोर्नियात दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने उडवलं. त्याच वर्षी त्यांनी मद्यपी वाहनचालकांविरुद्ध मातांची संघटना उभी केली आणि तिच्या रेट्याने अमेरिकेतले कायदे बदलले. पण १९८५ मध्ये लाइटनर स्वतः संघटनेबाहेर होत्या. संघटना पुढे चालत राहिली. तिथे निदान मागणी नेमकी होती: हे कायदे बदला. 'मुलाच्या नावाने काहीतरी चांगलं' एवढ्यावर संस्था उभी राहत नाही.

त्याऐवजी शेवट ठरलेलं काहीतरी करा. चालू संस्थेतच त्याच्या नावाने तीन वर्षांची एक शिष्यवृत्ती, किंवा एका ग्रंथालयात एकदाच पुस्तकांचं एक कपाट. संपली की संपली, आणि हवं तर पुन्हा तीन वर्षं. नाव देण्याआधी मुलीलाही विचारा, तिचा भाऊ आहे तो.

इतर शोकग्रस्त आईवडिलांना आधार द्यावा असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. हे काम मोलाचं आहे, पण ते सगळ्यात शेवटचं. अनेक संस्था त्यासाठी स्वतःच्या नुकसानीनंतर किमान एक ते दोन वर्षांची अट घालतात, आणि ती रास्त आहे. कसोटी अशी: समोरची आई तिच्या मुलाबद्दल पाऊण तास बोलली आणि तुम्ही तुमच्या मुलाचा उल्लेख एका वाक्यापलीकडे केला नाहीत, हे जमतं का? जमेपर्यंत त्या खोलीत तुम्ही आधार घेणाऱ्या बाजूला बसा. ती जागाही तुमच्या हक्काची आहे. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला १९६९ मध्ये 'द कम्पॅशनेट फ्रेंड्स' ही मूल गेलेल्या आईवडिलांची संघटना सुरू झाली, ती अशीच. एका रुग्णालयातल्या सायमन स्टीफन्स या धर्मोपदेशकाने मूल गेलेल्या दोन जोडप्यांची गाठ घालून दिली, आणि आपण जे करू शकत नाही ते ही माणसं एकमेकांसाठी करतायत हे त्याच्या लक्षात आलं. आज तिच्या शाखा अनेक देशांत आहेत. सुरुवात मात्र चार माणसांच्या एकत्र बसण्यातून झाली. तिथे कोणी कोणाचं समुपदेशन करत नव्हतं.

'सेवा केल्याने त्याला विसरशील' असं कोणी म्हणालं, किंवा मनात आलं, तर एवढं सांगते. १९९६ मध्ये शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गेलेल्या माणसाशी नातं तोडणं हे शोकाचं उद्दिष्ट नाही अशी मांडणी केली, आणि क्लास यांचं बरंचसं निरीक्षण मूल गेलेल्या आईवडिलांच्या गटातलंच होतं. नातं राहतं, त्याची जागा बदलते. दुसऱ्या टोकाला 'दुःखातून माणूस मोठा होतो' असंही तुम्हाला ऐकवलं जाईल. काहींच्या बाबतीत घडतं तसं, काहींच्या नाही. तो घरचा अभ्यास म्हणून कोणी तुमच्यावर लादू नये.

तर आत्ता, या आठवड्यात काय करायचं? वॉर्डाच्या समन्वयकाला दोन ओळी पाठवा: 'मी त्या दिवशी येऊ शकले नाही. सध्या वॉर्डातलं काम मला जमणार नाही, वर्षभराने पुन्हा विचारेन.' कारण द्यायची गरज नाही. न कळवता नाहीसं होणं मात्र टाळा, नाहीतर ती लिफ्ट मनात तशीच अर्धवट उघडी राहते. मग पहिल्या दोन अंतरांवरच्या दोन संस्थांना फोन करा. दोनच. ज्यांचा समन्वयक वरचे प्रश्न शांतपणे ऐकून घेईल ती निवडा.

आणि डिकीतली पिशवी. ती घरात आणा, गाडीत दमट होऊन पानं चिकटतील. त्यातली कुठलीच पुस्तकं आत्ता देऊ नका. पुढे कधी द्यायची झाली तर वॉर्डात आधी विचारा. केमोथेरपी चालू असलेल्या मुलांची प्रतिकारशक्ती कमी असते, त्यामुळे वापरलेली पुस्तकं आणि कापडी खेळणी बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत, किंवा फक्त पुसून घेता येईल अशा कव्हरची घेतात. त्याआधी मुलीबरोबर बसून तीन ढीग करा: तिची, तुमची, आणि देता येतील अशी. ज्यावर त्याच्या हातचं नाव आहे, ज्याच्या समासात त्याने काही खरडलंय, ती पहिल्या दोन ढिगांतच राहू द्या. तिसऱ्या ढिगात फक्त तेवढीच ठेवा, जी उद्या कोणी फाडली, हरवली किंवा त्यावर दूध सांडलं तरी तुम्हाला चालेल. तो ढीग आज रिकामा राहिला तरी चालेल.